बटण फेजवरच हवे

बटण बंद केले की दिवा विझतो. पण होल्डरमधली वीज गेलीच असेल असे नाही. बटणाच्या आत धातूचे दोन संपर्कबिंदू असतात. ते टेकले की सर्किट पूर्ण, दुरावले की प्रवाह खंडित. ही तोड फेजच्या तारेवर हवी. न्यूट्रलवर दिली तर दिवा विझतो खरा, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच राहतात आणि बल्ब बदलणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

हा निष्काळजीपणा अक्षम्य आहे.

गीझरकडेही असेच दुर्लक्ष होते. २००० वॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला पंख्याचे ६ अँपिअरचे बटण लावले तर ते तापून वितळू शकते. तिथे १६ अँपिअरचेच हवे. नव्या घराचा ताबा घेताना फरशी-रंग बारकाईने पाहिले जातात. तेव्हाच वायरमनकडून बटणे बंद ठेवून प्रत्येक होल्डर टेस्टरने तपासून घ्यावा.