मैल कुणाचे?

सोमवारी पहाटे विमानतळ, गुरुवारी रात्री घर. आपल्यातल्या कितीतरी कन्सल्टंट घरांना हा क्रम पाठ आहे. तिकीट कंपनीचं, मैल मात्र प्रवाशाच्या खात्यात. त्या मैलांवर मुलं दिवाळीला पुण्याला आजीकडे जाऊन येतात.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली मैलांची योजना आणली. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकरांना कामाच्या प्रवासाचे मैल स्वतःसाठी वापरायला पूर्वी मनाई होती; डिसेंबर २००१च्या कायद्याने ती उठली. २००२ मध्ये करखात्यानेही अशा मैलांवर कर मागणार नसल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जर्मनीत मात्र असे मैल खासगी प्रवासाला वापरले म्हणून ग्रेगोर गीझी यांनी बर्लिनचं मंत्रिपद सोडलं.

कंपनीची हरकत नसेल, तर हे मैल घेण्यात मला गैर वाटत नाही. घराबाहेर काढलेल्या रात्रींची ती थोडीशी भरपाई आहे. मला खुपतं ते वेगळं. थेट, स्वस्त विमान समोर असताना केवळ आपल्या खात्यात भर पडावी म्हणून महाग तिकीट काढायचं. वरचे दोनशे डॉलर कंपनी भरते, पुष्कळदा तिचा ग्राहक. आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं.