इंटरकूलर विकू नका, हवेची वाट विका

कार मॉडिफिकेशनचं गॅरेज टाकायचंय असं म्हणणारी बरीच मुलं भेटतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, फ्रंट माउंट इंटरकूलरचं किट स्वस्त कुठे मिळेल?" माझं मत स्पष्ट आहे. या कामात किट हा सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे. ते ग्राहकसुद्धा मोबाइलवरून मागवू शकतो. त्याला घरी जमणार नाही ती गोष्ट वेगळीच आहे: बंपरमधून आत आलेली हवा नेमकी कुठून कुठे न्यायची. तुमचे पैसे त्यात आहेत.

आधी काम समजून घ्या. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये जोरात हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, तेच. बाहेर ३५ अंश तापमान, एक बार बूस्ट आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा साधारण १३० अंशांची असते. इंटरकूलरने ती ५५ अंशांवर आणली, तर तेवढ्याच दाबाला तेवढ्याच जागेत वीस टक्क्यांहून थोडी जास्त हवा मावते. ताकद वाढते आणि पेट्रोल इंजिनात नॉकिंगची भीती कमी होते. पहिल्या पिढीच्या ३.० डिझेल फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचा स्कूप आठवा. त्याच्याखाली इंटरकूलरच आहे. पण इंजिनावर बसलेल्या इंटरकूलरला ट्रॅफिकमध्ये खालून इंजिनाची धग लागते, म्हणून लोक तो पुढे बंपरमागे आणतात.

आणि इथेच पोरं फसतात. बंपरमागची जागा रिकामी नसते. तिथे एसीचा कंडेन्सर असतो, त्यामागे रेडिएटर, त्यामागे फॅन. त्या सगळ्यांच्या पुढे आपण आणखी एक जाड जाळी उभी करतो. म्हणजे रेडिएटरला हवा कमी मिळते आणि मिळते तीही आधीच तापलेली. शिवाय हवा आळशी असते. बाजूला फट दिसली की ती जाळीतून जायचे कष्ट घेत नाही, वळसा घालून निघून जाते. त्यामुळे महागडा कोअर लावूनही इनटेकचं तापमान हवं तेवढं उतरत नाही, उलट घाटात कूलंटचा काटा वर सरकतो. काही जण ग्रिलमधून चमकतो म्हणून मोठ्यात मोठा कोअर निवडतात. फोटो छान येतो, पण तेवढी पोकळी भरेपर्यंत बूस्ट उशिरा येतो.

उपाय साधे आहेत, फक्त चिकाटी लागते. बंपरच्या तोंडापासून कोअरच्या कडेपर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या पत्र्याचं डक्ट करा. इंटरकूलर, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बंद करा. फॅनचं श्राउड आणि इंजिनाखालचं कव्हर कामात आडवं येतं म्हणून काढून ठेवू नका. आत शिरलेल्या हवेला मागून बाहेरही पडायचं असतं, ती वाट ही कव्हरं सांभाळतात. नंबर प्लेट तोंडावरच आडवी आली नाही ना, तेही बघा. पाइपची सगळी जोडणी झाली की दाब देऊन लीक टेस्ट करा, मगच बंपर चढवा.

मग मोजा. काम सुरू करण्याआधी ओबीडी स्कॅनरवर इनटेक आणि कूलंट तापमानाची नोंद घ्या, काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, शक्यतो तशाच उन्हात, एसी चालू ठेवून पुन्हा घ्या. पुण्याकडच्यांना खंबाटकीचा चढ आहेच. दोन्ही आकडे बिलासोबत ग्राहकाच्या हातात द्या.

आता गणित बघू. समजा, तुमच्या एका बेचा दिवसाचा खर्च, म्हणजे भाडं, पगार, लाइट, ४,००० रुपये आहे आणि फिटिंगमध्ये तुम्हाला ६,००० सुटले. गाडी तापते म्हणून ग्राहक परत आला, बे दोन दिवस अडकला, की ८,००० गेले. वरून आणखी चार जणांना तो तुमचं नाव सांगणार, तेही वाईट. डक्टिंग आणि टेस्टिंगचा एक दिवस कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा, त्याचे पैसे घ्या. "शेजारचा ते फुकटात करतो" असं ग्राहक म्हणेल. शेजाऱ्याने आधी-नंतरचे आकडे दिले का, एवढंच हसून विचारा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हीच बाजू उचलून धरली. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचं काम घेण्याआधी आरटीओकडे विचारणा करा आणि ग्राहकाला विमा कंपनीला लेखी कळवायला सांगा. वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, हे कोटेशनवर लिहून त्याची सही घ्या.

कोअर बसत नाही म्हणून बंपरमागचा लोखंडी बीम कापायला सांगणारेही येतील. धडक बसली की पहिला मार तोच बीम घेतो. त्या माणसाला चहा पाजा आणि गाडी तशीच परत पाठवा.