आसनाच्या अगोदर

इसवी सन २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून साजरा होतो. शाळेच्या पटांगणात तुम्ही रांगेने आसने करता, ते दृश्य खरोखर मनोहर असते. परंतु २२ जूनला त्या चटया कोठे जातात, हा प्रश्न मला नेहमी पडतो. आसने म्हणजेच योग, ही समजूत आज फार दृढ झाली आहे, आणि माझ्या मते ती अपुरी आहे.

पतंजलींचा ‘योगसूत्र’ हा या विद्येचा आधारग्रंथ होय. त्याच्या प्रचलित पाठात १९५ सूत्रे आहेत. त्यांपैकी आसनाचा प्रत्यक्ष विचार करणारी अवघी तीन! तेथेही अपेक्षा एवढीच, की बसणे स्थिर व सुखकर असावे. योगाच्या आठ अंगांत आसनाचा क्रमांक तिसरा. त्याअगोदर यम आणि नियम येतात. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पाच यम. अस्तेय म्हणजे चोरी न करणे. शेजाऱ्याच्या वहीतील उत्तर चोरून उतरवणारा मुलगा शीर्षासनात कितीही वेळ स्थिर राहिला, तरी तो पहिल्याच पायरीवर अडखळला आहे असे म्हणावे लागेल.

हा क्रम शोभेसाठी नाही. चित्तात उसळणाऱ्या वृत्ती शांत करणे म्हणजे योग. पोहरा पडण्यापूर्वी विहिरीचे पाणी नितळ असते, तळ दिसतो. पाणी ढवळले, की तोच तळ दिसेनासा होतो. खोटे बोललेला मनुष्य डोळे मिटून बसला, तरी ‘उघडकीस येईल काय?’ ही धास्ती आत पोहरे आपटीतच राहते. चित्त निवळले म्हणजे पाहणारा द्रष्टा आपल्या मूळ स्वरूपात राहतो, असे पतंजली सांगतात. आत्मज्ञान म्हणतात ते हेच.

आसनांना मी कमी लेखीत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि आसन-प्राणायामांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासले, ते काही उगाच नव्हे. मात्र आसनांच्या स्पर्धा लावून पदके वाटणे मला रुचत नाही. दुसऱ्यावर खिळलेली नजर आत कशी वळावी?

अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता व आदराने व्हावा, ही पतंजलींची अट मोठी कडक आहे. म्हणून पहाटे तासभर बसण्याचा संकल्प करू नका. तो आठवडाभरही टिकणार नाही. दप्तर उघडण्यापूर्वी पाच मिनिटे ताठ बसून श्वासाकडे लक्ष द्यावे. मन पळेल, न रागावता त्याला परत आणावे. रात्री अंथरुणावर पडल्यावर आज कोणाला दुखविले, कोठे खोटे बोललो, हे स्वतःस विचारावे. हे परीक्षेच्या दिवसांत करावे, आणि सुटीत मामाच्या गावी गेल्यावरही करावे.