विदोकचे श्रेय नेमके कशात?

संपादक महोदय,

फ्रान्सच्या युजीन फ्रांस्वा विदोकवरील (१७७५–१८५७) आपल्या लेखाने त्याला गुन्हेतपासाच्या जवळजवळ प्रत्येक तंत्राचा जनक ठरवले. इतकी उदारता त्याच्यावर अन्यायच करते. त्याच्या पराक्रमांचा मोठा आधार म्हणजे १८२८ पासून निघालेल्या आठवणी; त्यांत तर दुसऱ्यांच्या लेखणीची भर आहे. वादातीत आहे ते १८३३ साली पॅरिसमध्ये उघडलेले खासगी माहिती कार्यालय. वर्गणीदार व्यापाऱ्यांना ते ठकसेनांबद्दल वेळीच सावध करी. चोरीनंतरच्या धावपळीपेक्षा आधीची माहिती विकता येते, हे त्याने ओळखले. पोलिसांना ते खुपले. १८३७ मध्ये छापा पडला, दप्तर जप्त झाले. १८४३ मध्ये त्याला शिक्षाही झाली; ती मात्र अपिलात टिकली नाही.

विदोक स्वतः माजी कैदी; अशाचा कसला गौरव, असे कुणी विचारील. पण गुन्हेगारी जगाची ओळख हेच तर त्याचे भांडवल! सरकारी गुप्तपोलिसांतही त्याने शिक्षा भोगलेली माणसेच नेमली होती. आक्षेप घ्यायचाच, तर लोकांची गुपिते खासगी दप्तरात साठवण्यावर घ्यावा. तो आजच्या गुप्तहेर संस्थांनाही लागू पडतो, आणि नेमका तोच लेखात नाही.

— एक वाचक