लिंकनचें गीत आणि बझबींचा आक्षेप

१९५३ च्या जानेवारींत आयझेनहॉवर यांच्या अधिकारग्रहणाच्या जलशांतून आरन कोपलंड यांची 'लिंकन पोर्ट्रेट' ही रचना ऐन वेळीं वगळण्यांत आली. कारण काय, तर कर्त्याची साम्यवाद्यांशीं सलगी! आक्षेपक बझबी हे प्रतिनिधिगृहाचे सभासद. लिंकनच्याच पक्षाचे, लिंकनच्याच इलिनॉय प्रांताचे.

राष्ट्राचा सोहळा निःशंक असावा, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु शंका कशाची? १९४२ सालच्या या कृतींत निवेदकाच्या मुखीं येतात तीं मुख्य वचनें खुद्द लिंकनचीं. स्वरांत 'स्प्रिंगफील्ड माउंटन' हें सर्पदंशानें मेलेल्या तरुणाचें जुनें लोकगीत आहे. ओंडक्यांच्या खोपटांत जन्मलेल्या पुरुषास याहून शोभेसा साज दरबारी संगीतांत कोठें मिळणार? त्यांत साम्यवाद शोधूं जाणाऱ्याच्या कानांचीच आम्हांस कींव येते.

दोष काढावयाचाच होता तर जागा होती. फॉस्टरच्या 'कँपटाउन रेसेस' या शर्यतीच्या गीताचे तुकडेही कोपलंड यांनीं घेतले आहेत, आणि तें गीत तोंडास काळें फांसून हबशांचीं सोंगें आणणाऱ्या तमाशांतलें. दास्यमुक्तीच्या कर्त्यास तें कसें शोभतें, असें बझबींनीं विचारलें असतें, तर आम्हीं तें ऐकून घेतलें असतें. पण त्यांस त्या चालीशीं कर्तव्यच नव्हतें.