निर्णयाआधीची खुर्ची

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत आदिवासी समाजांना स्वतंत्र स्थान द्यावे, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. आदिवासी त्या त्या देशाचे नागरिक आहेत आणि त्यांचे सरकार बैठकीत बसलेलेच आहे; मग वेगळा प्रतिनिधी कशाला? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण ज्या तंट्यात सरकारच प्रतिवादी आहे, त्यात त्याच सरकारने आदिवासींचे वकीलपत्र कसे घ्यायचे? १९२३ साली उत्तर अमेरिकेतील होडेनोशोनी लोकांचे प्रतिनिधी डेस्काहे कॅनडाविरुद्धची तक्रार घेऊन जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या दारी गेले. वर्षभराहून अधिक काळ खटपट करूनही त्यांना सभेपुढे बोलू दिले गेले नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, त्या कॅनडाला मात्र सदस्य म्हणून आत जागा होती.

दुसरा आक्षेप तज्ज्ञतेचा. करार शास्त्राच्या आधारे व्हावेत, त्यात आदिवासींचे काय काम? याला घातक, टिकाऊ रसायनांवरचा स्टॉकहोम करार हे चोख उत्तर आहे. डीडीटी, पीसीबी यांसारखी विषे दक्षिणेकडच्या शेतांत आणि कारखान्यांत वापरली गेली. वारा व समुद्रप्रवाह यांनी ती आर्क्टिकपर्यंत नेली. तेथे माशांतून सीलमध्ये, व्हेलच्या चरबीत आणि अखेर माणसांत ती साठत गेली. १९८०च्या दशकात कॅनडातील उत्तर क्वेबेकमधल्या इनुइट आदिवासी मातांच्या दुधात पीसीबीचे प्रमाण दक्षिणेतील मातांच्या कित्येक पट आढळले. हे मोजमाप शास्त्रज्ञांचेच. पण सील खाणे सोडा, हा सोपा सल्ला धुडकावून विष जिथे तयार होते तिथेच थांबवा, हा आग्रह वाटाघाटींत धरला तो इनुइट नेत्या शीला वॉट-क्लुटिए आणि त्यांच्या संघटनेने. आई आणि मूल यांचे एक कोरीव शिल्पही त्यांनी तेथे भेट दिले. २००१च्या कराराच्या प्रास्ताविकेत आर्क्टिकमधील आदिवासींना असलेला धोका आणि त्यांच्या पारंपरिक अन्नाचे प्रदूषण स्पष्ट शब्दांत नोंदले आहे. त्यांचा आवाज नसता, तर ही ओळ तिथे आली असती असे मला वाटत नाही.

उरला सार्वभौमत्वाचा बागुलबुवा. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या २००७च्या जाहीरनाम्याचे ४६वे कलम देशाच्या अखंडतेला धक्का लावण्याची मुभा कोणालाही देत नाही. १९९६पासून आर्क्टिक परिषदेत आदिवासी संघटना कायम सहभागी म्हणून बसतात, निर्णयाआधी त्यांचा सल्ला घेतला जातो. परिषदेच्या आठ सदस्य देशांपैकी एकाचेही त्यामुळे तुकडे झालेले नाहीत. भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले, पण आपल्याकडे सगळेच मूळचे रहिवासी, अशी भूमिका कायम ठेवली. प्रश्न आधी कोण आले हा नाहीच. जंगल-जमिनीचा निर्णय कोणाला वगळून होतो, हा आहे. २००६चा वनहक्क कायदा वनवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय मान्य करतो. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून झालेल्या ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरील बारा ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली, आणि तो निर्णय देशाने पचवला.

जो नियम देशात चालतो, तो जिनिव्हात का चालू नये? भारत आजही आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या, आदिवासींना मुख्य समाजात विलीन करू पाहणाऱ्या १९५७च्या कराराला बांधील आहे. त्याच संघटनेने तो विचार मागे टाकून १९८९ साली सल्लामसलतीचा आणि सहभागाचा नवा करार केला. त्यावर भारताने मंजुरीची मोहोर उमटवावी आणि हवामान व जैवविविधतेच्या परिषदांना जाणाऱ्या शिष्टमंडळांत ग्रामसभांनी निवडलेल्या माणसांना स्थान द्यावे.