थंडी आणि थायरॉईड

कोकणातल्या ओरोसची पौषातली पहाट गार असते, पण हाडं गोठवणारी नव्हे. म्हणूनच इथे स्वेटर घालूनही हुडहुडी जात नसेल, अंग जड आणि कातडी कोरडी पडत असेल, तर ऋतूला बोल न लावता थायरॉईडसाठी रक्तातलं टीएसएच तपासावं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत. चहा निदान अर्ध्या तासाने. थंडीत हा अर्धा तास जड जातो आणि नेमका तिथेच नेम चुकतो. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. रोज ताटात आयोडीन देणारा बांगडा असूनही थायरॉईड मंदावण्याचा हा आजार होतो, कारण बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. हिवाळ्यात टीएसएच किंचित वाढू शकतं. पण आपल्या मनाने डोस वाढवला तर छातीत धडधड सुरू होऊ शकते. डॉक्टरांनी डोस बदलला, की 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.